तुझ्या घोट्यातला नारू

उस्मान,

तुला माती देऊन आज बारा दिवस झाले. गावात तुझं नाव रोज निघतं आणि निघालं की मी विषय बदलतो. काल न्हाव्याच्या ओट्यावर दाढीला बसलो होतो. शेजारी कुणीतरी म्हणालं, "जलमभर उस्मान दुसऱ्याले सांगे, थांबा, घाई करू नका. अन् सोताच्या वक्ताले हातानं ओढला नारू. आपल्याच हातानं गेला." न्हाव्यानं मान डोलावली. मला अर्धी दाढी टाकून उठावंसं वाटलं, पण उठलो नाही. पूर्ण दाढी करून घेतली, तोंड पुसलं आणि घरी आलो.

ते खोटं आहे हे या गावात एकट्या मला ठाऊक आहे. तुझा नारू तू ओढला नाहीस. तो माझ्या हातून तुटला.

तू कुठं जन्मलास, तुझे वडील कोण, हे लिहायला मी बसलेलो नाही. ते तुलाही ठाऊक आहे आणि गावालाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि बोलायची दुसरी सोय तू ठेवली नाहीस. पण हा कागद पुढंमागं कुणाच्या हाती पडलाच, तर त्या माणसाला नारू म्हणजे काय ते ठाऊक नसावं अशी माझी फार इच्छा आहे. म्हणून त्याच्यासाठी दोन ओळी लिहितो, तू हसू नकोस. नारू म्हणजे शिवायच्या दोऱ्याएवढा जाड आणि दोन-दोन हात लांब जंत. पाण्यातून पोटात जातो, वर्षभर अंगात फिरतो आणि काहीही कळू देत नाही. मग एक दिवस पायावर फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते, फोड फुटतो आणि पांढरं टोक बाहेर डोकावतं. ते टोक पऱ्हाटीच्या बारीक काडीला गुंडाळायचं आणि रोज दोन बोटं, फार तर तीन बोटं, बाहेर घ्यायचं. पंधरा दिवस, कधी महिना. मध्ये तुटला तर तो आत जातो, आणि मग त्या पायाचं काय होईल ते सांगता येत नाही.

हे काम तुझं. तुझ्या आजोबांपासूनचं. गळवं फोडायची, निखळलेलं हाड बसवायचं, नारू काढायचा. जर्राहाचं घर म्हटलं की शेजारच्या बीबी गावच्या बाजारातही कुणी बोट करून वाट दाखवायचं. आणि माझं काम देवी टोचायचं. चौथीपर्यंत आपण एका तरटावर बसलो, मग तू बापाच्या हाताखाली गेलास आणि मी देवीडॉक्टरचं शिक्षण घेऊन सरकारी पिशवी खांद्याला लावून परत आलो. मला बघितलं की बाया लेकरं कणगीमागे लपवायच्या. तुला बघितलं की बाज बाहेर टाकायच्या. ह्याचा मला राग यायचा, हे मी तुला कधी बोललो नाही. तू मात्र ओळखून होतास. चार माणसांत मुद्दाम हाक मारायचास, "या डाक्टर, बसा." त्या 'डाक्टर'मध्ये किती मीठमिरची असायची!

तुझं काम मी शंभरदा पाहिलं असेल. रोग्याला तू बारवेच्या शेवटच्या पायरीवर बसवायचास, पाय घोट्याच्या वर पाण्यात. मग त्याच्याशी गप्पा. बैल कितीला घेतला, सून कुठली, औंदा कपाशीवर काय पडलं. गप्पांत तो पाय विसरला की पाण्यात जखमेपाशी पांढरं काहीतरी सुटायचं, दुधासारखं. "सोडलं दूध," तू म्हणायचास. दूध सोडलं की नारूचा ताठा जातो, तो सैल पडतो, मग काडी फिरवायची. सैल आहे तोवर फिरवायची आणि ताणला की त्या क्षणी थांबायचं. रोगी म्हणायचा, "अजून एक फेरा घे ना बापा, मले वावरात जायाचं हाय." तू काडी चिंधीनं बांधून टाकायचास. "नारू कोणाले मारत नाई. घाई मारते," हे तुझं बोलणं. माणसाचा पाय हातात घेऊन इतक्या शांतपणे बसणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही. माझ्याकडे लेकरू आलं की मी आधी घड्याळ बघायचो.

आणि तुझी नजर! मी पुस्तकात वाचलं ते तू नुसत्या डोळ्यांनी टिपलं होतंस. सय्यद पखालवाल्याला नारू पायाला झालाच नाही, दोन्ही वेळा पाठीवर निघाला. तू मला नेऊन दाखवलंस. "पाह्य ना," म्हणालास, "पखाल कुठी टेकते? याले पाणी कुठी भेटन थे ठाऊक असते." पावसाळ्यात, हिवाळ्यात नारू गप्प. चैत्र-वैशाखात बारव खाली गेली, माणसं पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागरी भरायला लागली, की घरोघरी निघायला सुरुवात. "अन् आग काऊन करते? आग नाई केली त माणूस पाय पाण्यात कायले टाकन?" एवढं बोलून तू विडी शिलगावायचास. मी सरकारी माणूस. मी म्हणायचो, जंताला काय अक्कल असते? तू म्हणायचास, "अक्कल नसन. पण आपल्या आजोबाच्या आजोबापासून आपल्यासोबत राह्यला त्यो. सोबत राहून राहून घडला असन. एका बाजेवर निजलेल्या दोघाईच्या कुशी जशा घडतात ना बे, तसा." तेव्हा मी हसलो होतो. आता लिहिताना वाटतं, ही गोष्ट इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितली नव्हती.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आला. ते लिहायला नको वाटतं, पण ते सोडून तुझ्याविषयी लिहिणं म्हणजे लबाडी होईल.

तालुक्याच्या दवाखान्यात पगाराला गेलो होतो. नवे डॉक्टर आले होते, हौशी माणूस. त्यांनी मला सांगितलं की नारू जे पांढरं सोडतो ते दूध नव्हे, ती त्याची पिल्लं. हजारो. पाण्यात डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा एक जीव असतो, तो ती पिल्लं खातो, आणि माणूस पाण्याबरोबर त्या जिवाला पितो. पुढच्या उन्हाळ्यात नारू हजर. बारवेची शेवटची पायरी माझ्या डोळ्यांसमोर आली. दूध सोडेपर्यंत पाय पाण्यात ठेवून बसलेले तुझे रोगी, आणि त्यांच्या पलीकडे हातभरावर घागर बुडवणाऱ्या बाया.

तेव्हा मी तुझ्या घरी यायला हवं होतं. ओट्यावर बसून, विडी घेऊन, हळू सांगायला हवं होतं. तसं न करता मी थेट बारवेवर गेलो. तू कासाबाईचा पाय घेऊन बसला होतास. वर-खाली वीसेक माणसं. मी वरच्या पायरीवरून ओरडलो, "उस्मान, तू एकाचा नारू काढतोस आणि साऱ्या गावात पेरतोस! तुझ्या आजानं पेरला, बापानं पेरला, आता तू पेरतो आहेस!"

तू वर पाहिलंस. काडी तेवढी नीट बांधलीस. कासाबाई मला म्हणाली, "काय रे मुडद्या, दुखणं काहाडणाऱ्यालेच बोलून राह्यला?" पाय पुसलास, काड्या-चिंध्यांची डबी उचललीस आणि माझ्या शेजारून पायऱ्या चढून गेलास. मी बरोबर होतो हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. पण तुझ्या बापाला आणि आजोबाला मी त्यात ओढायला नको होतं. ज्यांनी आयुष्यभर लोकांचे पाय मांडीवर घेतले, त्यांना मी गावाचे वैरी ठरवलं, आणि तेही एका दमात. त्याची माफी मी कधीही मागितली नाही. आज मागतो. तुझ्या काहीही कामाची नाही, तरी मागतो.

वर्षभर तू माझ्याशी बोलला नाहीस. ईदेला शीरखुर्मा आला, पण भाभींनी पाठवलेला. मी समोरून आलो की तू बकरीशी बोलायला लागायचास. आणि मग एका सकाळी माझ्या दारात उभा. हातात बूच लावलेली बाटली. "तुह्या डाक्टरची दुर्बीण पाहाची हाय मले." बाटलीत तू ते दूध आणलं होतंस.

दवाखान्यात डॉक्टरांनी काच बसवली आणि तुला बघायला सांगितलं. तू एक डोळा लावलास आणि बराच वेळ उठलाच नाहीस. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मीही नंतर पाहिलं. वळवळणारे, सरळ होणारे, पुन्हा वळणारे बारीक केसांचे तुकडे, मोजता न येणारे. परतताना बैलगाडीत तू रिकामी बाटली मांडीवर घेऊन बसलास. गाव जवळ आलं तेव्हा म्हणालास, "म्हंजे थो आपल्याले तरास द्याले आग करत नाई. लेकरं पाण्यात सोडाची हाय त्याले." आणि थोड्या वेळानं, "अन् म्हणून जीव घेत नाई. आपण मेलो त बारवेवर कोण नेईन त्याले?"

मला वादाची खुमखुमी. मी म्हणालो, मग हिवताप का जीव घेतो? तोही काही आजचा नाही. तू विचारलंस, हिवताप कोण आणतो. मी म्हटलं, डास. तू लगेच म्हणालास, "मंग त्याले आपल्या पायाची काय गरज? माणूस खाटंवर पडला तरी मच्छर येते अन् घेऊन जाते. नारूले आपण चालतं-फिरतं लागतो." मी म्हणालो, आणि देवी? तिला कुणाचे पाय लागत नाहीत, डास लागत नाही, मग ती का मारते? तू टोपी काढून डोकं खाजवलंस. "इचार करून सांगतो," म्हणालास. ते तू सांगितलंच नाहीस. मला रोज वाटायचं की तू आज सांगशील, उद्या सांगशील. माझ्या डोक्यात तो प्रश्न अजून तसाच उघडा पडला आहे आणि विचारायला माणूस नाही.

दुसऱ्या दिवसापासून तू बारवेवर गेला नाहीस. कुणाला काही सांगितलं नाहीस, माझं नाव घेतलं नाहीस, चूक झाली असंही म्हणाला नाहीस. ओट्यावर घमेलं मांडलंस. रोग्याचा पाय घमेल्यात, दूध त्यातच, आणि काम झालं की घमेलं तू स्वतः उचलून तापल्या रस्त्यावर उलटायचास, बारवेपासून लांब. माणसं चिडली. बारवेच्या पाण्याचा गारवा तुझ्या घमेल्याला कुठला यायचा? कासाबाई म्हणाली, उस्मानाले माज चढला. तू हसून घेतलंस. भाभींनी घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून पाणी गाळायला सुरुवात केली आणि तुमच्या आळीत ती रीत हळूहळू पसरली. मी पाच वर्षं नागपूरहून आलेली स्वच्छतेची पत्रकं वाचून दाखवत होतो. तू एक घमेलं मांडलंस.

औंदाच्या उन्हाळ्यात फरक दिसला. ओट्यावर गर्दीच नव्हती. तू मला म्हणालास, "डाक्टर, तुह्यापायी धंदा बसला माहा." आणि असा हसलास की मी तुला आपल्या चौथीच्या वर्गानंतर तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी तुझा फार ऋणी आहे, हे त्या वेळी मनात आलं आणि तिथंच राहिलं.

मग तुझ्याच घोट्यावर फोड आला. गेल्या उन्हाळ्यात, घमेलं मांडायच्या आधी, तूही तेच पाणी प्यायला होतास. "जुना पाव्हणा हाय," तू म्हणालास. "शेवटचा निघाला, बरं झालं."

तुमच्या घराण्यात एक रीत होती. आपला नारू आपण काढायचा नाही. दुखणं आपलं असलं की हाताला धीर राहत नाही. तुझ्या बापाचा आजोबांनी काढला, तुझा लहानपणी बापानं. तुझ्या हाताखाली कुणी शिकलं नव्हतं. तुला एकच लेक, जरीना, ती धाड गावी दिलेली. मला वाटलं, तालुक्याला जाशील. तू मला बोलावणं पाठवलंस. "तू काहाड," म्हणालास. मी म्हटलं, मला येत नाही. "शंभरदा पाह्यलं ना? मंग? डाक्टर ना तू?" या वेळच्या 'डाक्टर'मध्ये मिरची नव्हती. इतक्या वर्षांत मला एवढा मान कुणी दिला नव्हता, उस्मान. मी रात्रभर उताणा पडून होतो.

सहा दिवस मी आलो. घमेलं, गार पाणी, तुझा पाय माझ्या मांडीवर. तू मला शिकवत होतास आणि रोगीही होतास. "घाबरू नको. बोटानं नाई, मनगटानं फिरव. हां. आता थांब." दूध सुटलं की दोन बोटं. आपण खूप बोललो त्या सहा दिवसांत. बारवेच्या पायऱ्याच बुजवून टाकाव्यात, वरून दोरानं पाणी काढावं, म्हणजे नारू गावातून कायमचा जाईल, असं मी म्हणालो. तू म्हणालास, जाऊ दे, गेला पाहिजे. मग काडीकडे बघत म्हणालास, "पण यानं आपल्याले सबर शिकवला हे खरं हाय." मला राग आला. म्हटलं, असल्या दुखण्याकडून काही शिकायची वेळ कुणावर येऊ नये, तू त्याची कसली बाजू घेतोस? तू म्हणालास, "बाजू नाई बे. इतके पाय पाह्यले, माणूस थांबाले कसा शिकते थे पाह्यलं. तेवढंच बोललो." आपला तो वाद तसाच राहिला. मी अजूनही माझ्याच बाजूला आहे. पण तुझा आवाज ऐकू येतो.

सातवा दिवस. बीबीचा बाजार. वाड्या-वस्त्यांवरच्या बाया त्या दिवशी लेकरं घेऊन येतात, तो चुकला तर पुढं पंधरा दिवस कुणी येत नाही. लसीच्या नळ्या ओल्या फडक्यात, फडकं मडक्यात, मडकं गाडीत. ऊन चढलं की लस वाया जाते. गाडीवान बाहेरून हाका मारत होता. मी तुझा पाय घमेल्यात ठेवला. दूध सुटेना. तू म्हणालास, "बस थोडा." मी बसलो. पुन्हा हाक आली. मी काडी धरली. तू भाभींना आत काहीतरी सांगत होतास, तुझं तोंड तिकडं होतं. मी दुधाची वाट पाहिली नाही. मनगट फिरवलं.

काही ताणल्यासारखं वाटलं आणि मग काहीच वाटलं नाही. काडी हातात हलकी झाली.

तू मान वळवलीस. तुझा चेहरा मला दिसतो, झोपेत दिसतो, नळी फोडताना दिसतो. माझ्या हातातली काडी घेतलीस, तिच्यावरचा तुकडा पाहिलास. "गेला आत," म्हणालास. गाडीवान तिसऱ्यांदा ओरडला. तू हळू म्हणालास, म्हणजे भाभींना ऐकू जाऊ नये एवढं हळू, "जा तू. गाडी उभी हाय. अन् कोणाले सांगू नको. मीच ओढला म्हणीन."

"काऊन?" माझ्याही तोंडून तुझीच बोली निघाली.

"अबे, देवीडाक्टरच्या हातून तुटला असं झालं त उद्या कोणती माय तुह्या हाती लेकरू देईन? मरत नाई मी. दोन महिने लंगडीन. जा."

मी गेलो. हे मी स्वतःला माफ करू शकत नाही. बीबीला एकोणीस लेकरं टोचली, हात एकदाही हलला नाही.

पुढचं तू भोगलंस, मी फक्त पाहिलं. पाय मांडीपर्यंत सुजला. रुईची पानं, कडुलिंबाचं पाणी, तालुक्याचे डॉक्टर येऊन चीर देऊन गेले. तुटल्यापासून आठव्या दिवशी तुझी दातखीळ बसली. धनुर्वात हा शब्द डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, भाभींना मी सांगितला. तू डोळ्यांनी बघत होतास. मी उशाशी बसून तुझा हात धरला आणि सांगणार होतो की मी सगळ्यांना खरं सांगतो. तू मान हलवलीस, जेवढी हलत होती तेवढी. नाही म्हणालास. मी ते सोयीनं ऐकलं.

तुझ्या मातीला सारा गाव आला. आणि परततानाच कुजबूज सुरू झाली. ज्यानं आयुष्यात एक फेरा जास्त घेतला नाही, त्याच्या नावावर आता घाई लागली. घराण्याची रीत मोडली म्हणून गेला, असं म्हणतात. मी खरं बोललो तर तुझं नाव धुतलं जाईल आणि माझ्या हाती लेकरू कुणी देणार नाही. देवी आली तर ती लेकरं कुणाच्या अंगावर? आणि गप्प राहिलो तर तुझ्या कबरीवर रोज एक खोटं. तू सांगून गेलास गप्प राहा. तू नेहमी दुसऱ्याचा पाय आधी बघायचास. पण मला हे पेलवत नाही, उस्मान. मी तुझं ऐकणार नाही.

*

वरचं सगळं परवा लिहिलं. काल तुझ्या घरी गेलो.

तुझ्यामागं भाभी इद्दतीत बसल्या आहेत, परपुरुषापुढं येत नाहीत. दाराआडून बोलल्या. मी ओट्यावर उभाच राहिलो आणि सांगितलं. सातवा दिवस, दूध सुटलं नव्हतं, गाडीवान, माझं मनगट, तू स्वतःवर घेतलेलं खोटं आणि ते का घेतलं तेही. काही लपवलं नाही. मग भाभी म्हणाल्या, "तेरा दिवसाची माती झाली त्याईची. आता आले सांगाले?" मी म्हटलं, हो. त्यांनी दार लावून घेतलं. मोठा आवाज झाला नाही, नुसतं लावलं. आतून जरीनाचं तान्हं रडत होतं.

आज चावडीपुढं टोचायचा दिवस होता. भाभींनी सांगितलं असणार, आळीतून आळीत गेलं असणार, असं मी धरून चाललो होतो. आठ वाजले, नऊ वाजले. बाया आल्या खऱ्या, पण भिंतीच्या सावलीला लेकरं पदराखाली घेऊन उभ्या राहिल्या. पुढं कुणी येईना. कासाबाईही होती, तिची नात काखेत. मी नळ्या मांडून बसलो होतो. पिशवी आवरून घ्यावी असं मनात आलं.

तेवढ्यात जरीना आली. तुझं नाक, तुझीच चाल. काखेत सहा महिन्यांचं पोर. सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही, बायांकडे तोंड केलं. आवाज मोठा होता.

"अम्मीनं सांगतलं, सगळ्याईच्या समोर सांग. अब्बानं नारू ओढला नाई. अब्बाच्या हातानं कधी कोणाचा तुटला नाई. यायच्या हातून तुटला." तिनं माझ्याकडे बोट केलं. मी मान खाली घातली. "अन् अम्मी म्हणे, तुह्या अब्बानं हे लपोलं त लेकराईसाठी लपोलं. म्हणून पह्यली टोच माह्या पोराले."

ती खाली बसली. पोराची बाही वर सरकवली आणि दंड माझ्यापुढं धरला. तुझ्या नातवाचा दंड, उस्मान, माझ्या अंगठ्याएवढा. माझा हात इतका कापत होता की मला नळी फोडता येईना. जरीनानं आता माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत माफी नव्हती.

"चाचा," ती म्हणाली, "मी बसली हाव. तुमचा हात थांबू द्या."